दार लावलं

१

कान तपासायच्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. भिंतींना जाड गाद्या, दाराला रबराची कड आणि मधोमध काच. काचेच्या अलीकडे ती बसायची, पलीकडे पेशंट. कानात बारीक शिटी ऐकू आली की पेशंटनं बटण दाबायचं, आणि इकडे तिच्यासमोरचा दिवा लागायचा. नवऱ्याला तिनं पहिल्यांदा पाहिलं ते या काचेतूनच. जमीन-मोजणीच्या खात्यात नोकरी लागायची होती, त्यासाठी तो तपासून घ्यायला आला होता. उजव्या कानाला दिवे लागत गेले. डाव्या कानात तिनं आवाज चढवत चढवत नेला, तरी दिवा लागेना. आणि हा आपला काचेतून हसतोय. लहानपणी गालगुंडं झाली तेव्हाच तो कान गेला होता, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘पण बाई इतक्या मन लावून शोधतायत म्हटल्यावर म्हटलं, शोधू द्यावं,’ असं तो नंतर सगळ्यांना सांगायचा.

एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. रस्त्यात कुणी हाक मारली की तो भलतीकडेच तोंड करून उभा राहायचा. म्हणून लग्नानंतर ती कायम त्याच्या उजव्या बाजूनं चालली. ती सवय इतकी अंगवळणी पडली की एकटी चालतानाही डावीकडे एका माणसाची जागा सोडून चालायची.

झोपताना तो चांगला कान उशीत घालून झोपायचा. मग त्याच्यापुरतं जग बंद. म्हणून त्याआधी घराची हजेरी घ्यायची रीत त्यानं पाडली होती. कडी घालून मोठ्यानं म्हणायचं, ‘दार लावलं!’ आणि ज्यानं त्यानं आपापल्या अंथरुणातून म्हणायचं, ‘बरं!’ आधी तिचं बरं, मग थोरल्याचं, मग धाकटीचं. सगळी आत आहेत एवढं कळलं की तो दिवा मालवायचा.

थोरला जाऊन दोन वर्षं होत आली होती. तापाचं निमित्त झालं, आणि आठवड्याभरात घरातलं धडधाकट लेकरू गेलं. ‘दार लावलं’ त्यानंतरही थांबलं नाही. तिचं बरं व्हायचं. मग काहीच नाही. मग धाकटीचं बरं. मधल्या त्या वेळात कुणी कूसही बदलायचं नाही. तेवढी जागा तो रोज न चुकता सोडायचा. बाकी बोलणं त्यानं जवळजवळ सोडलंच होतं, आणि हसणं तर थोरल्याबरोबरच गेलं.

२

सहलीचं धाकटीनंच काढलं. थोरला होता तेव्हा दर वर्षी चौघं तंबू घेऊन निघायची. दऱ्या, घळी, गुहा. मोजणीदाराला जमिनीच्या वरचं पाहून कंटाळा येतो, म्हणून तो खालचं पाहायला जातो, असं नवरा म्हणायचा.

“बाबांना घराबाहेर काढू या, आई. नाहीतर ते त्या खुर्चीतच जातील एक दिवस,” धाकटी म्हणाली. नोकरीला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. “मला पण बाप पाहिजे गं. दादा गेला, पण मी आहे ना अजून?”

तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

सोबतीला धाकटीचा मामा आला. गाडी शिकवण्याचा त्याचा धंदा. सैन्यात एक दिवस काढलेला नाही, पण बोलणं सगळं हुकमाचं, म्हणून सगळे त्याला कर्नल म्हणायचे. आपली गाडी तो कुणाच्या हाती देत नसे. “बायको मागा, विचार करीन. स्टिअरिंग मागू नका,” हा त्याचा जुना विनोद, आणि त्याची बायको सोडून सगळे त्यावर हसत.

दरी मोठी होती. काठावर उभं राहिलं की खालची नदी शिवणीच्या दोऱ्यासारखी दिसे. कड्याच्या पोटात तांबडे, पिवळे थर एकावर एक, आणि सूर्य कलला तसे ते जणू जागा बदलत. तंबू ठोकताना कर्नलनं चार वेळा हुकूम फिरवला. धाकटीनं स्टोव्हवर चहा टाकला. नवरा एका दगडावर बसून होता.

“भावोजी, हाक मारा की एक! इथं तीन-तीनदा उलटून येते म्हणतात.”

“मला कुठून आली ते कळणार नाही,” तो म्हणाला.

“अहो, कळायचं काय त्यात? आपलीच असते.”

पूर्वी हाक थोरला मारायचा.

तंबूत झोपताना त्यानं चेन ओढून घेतली आणि म्हणाला, “दार लावलं.” तिनं बरं म्हटलं. तो थांबला. बाहेर वाऱ्यानं तंबूचं कापड फडफडत होतं. धाकटीनं बरं म्हटलं ते नेहमीपेक्षा फार उशिरा, आणि तिच्या आवाजात कंटाळा होता. कंटाळा कसला, राग. अंधारात ती आईच्या कानाशी येऊन कुजबुजली, “रोज रोज दादाला मारायचं असतं का गं आपण?”

३

गुहेच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार होतं. शेजारी टपरीएवढी खोली, तीत रखवालदार. त्यानं हेल्मेटं दिली, दिवे तपासले आणि बोटानं डोकी मोजली. “चार. अंधार पडायच्या आत चार बाहेर. मी कुलूप घालून घरी जातो.”

ओळ नेहमीची. पुढं कर्नल, हातात आपली जाडजूड बॅटरी, अंगात लाल जाकीट. मागे धाकटी, मग ती, आणि शेवटी नवरा. तो कायम शेवटी. मागून आलेला आवाज त्याला पुढचा वाटायचा, म्हणून त्यानं मागं काही उरूच द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

आत थंड होतं. छतावरून उतरलेले दगडाचे झुबके आणि खालून वर चढलेले खुंट, काही ठिकाणी दोन्ही भेटून त्यांचे खांब झालेले. त्यानंतर एक अरुंद चीर. पोट आत घेऊन आडवं सरकायचं, गाल दगडाला लागतो. “लग्नाआधी यायला हवं होतं,” कर्नल आतून ओरडला. तिला मागं नवऱ्याचा बूट घासताना ऐकू येत होता. मध्ये एकदा तो घासण्याचा आवाज थांबला. बुटाची नाडी सुटली असेल, असं तिला वाटलं. सरकताना मान वळवता येत नाही.

चिरेपलीकडे मोठं दालन होतं. इथं दिवे घालवायचे, हा त्यांच्या घरचा जुना खेळ. खरा काळोख माणसानं वर्षातून एकदा तरी पाहावा, असं नवरा म्हणायचा. कर्नलनं हुकूम सोडला, आणि एकेक दिवा गेला.

तसा काळोख वर कुठंच नसतो. डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते बोटानं चाचपावं लागतं. पाण्याचा थेंब लांब कुठंतरी पडला.

“दार लावलं!” तो म्हणाला.

तिनं बरं म्हटलं, आणि थांबली.

“आणि धाकटीचं?” तो लगेच म्हणाला. “झोपली की काय उभ्या उभ्या?”

“बरं!” धाकटी हसून म्हणाली. पाठोपाठ कर्नल म्हणाला, “बरं, साहेब!”

दिवे लागले. नवरा तिच्या पुढं उभा होता, कर्नलच्या खांद्यावर हात टाकून. हसत होता. दात दिसतील असं, जुनं, काचेपलीकडचं हसू होतं ते.

“भावोजी, तुम्ही पुढं कधी आलात?”

“तू दिवा घालवून घाबरत होतास तेव्हा.”

कर्नल खो खो हसला. धाकटी बापाकडे पाहतच राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. दालन मोठं होतं. अंधारात माणूस बाजूनं पुढं जाऊ शकतो, असं आईनं स्वतःला सांगितलं. आवाज भिंतीवरून फिरून आला असेल, म्हणून पुढून आल्यासारखा वाटला. हे सगळं तिला शिकवलेलं होतं, ती रोज दुसऱ्यांना सांगायची. पण थोरल्यासाठीची जागा त्यानं आज पहिल्यांदाच रिकामी ठेवली नव्हती.

परतताना तो सर्वांत पुढं निघाला, शीळ घालत. ती आता शेवटी होती. चिरेत त्याच्यामागं कर्नल शिरला, मग धाकटी. ती आत शिरायला वाकली, तेव्हा दालनाच्या त्या टोकाकडून, दगडाआडून आवाज आला.

“पुढं कोण आहे?”

मोठा नव्हता. घाबरलेलाही नव्हता. चुकल्यावर थोडं ओशाळून माणूस विचारतो, तसा होता.

ती जागच्या जागी उभी राहिली. तेवढ्यात चिरेतून धाकटीचा हात आला आणि तिचं मनगट धरलं. नखं रुतली.

“चल ना आई. बाबा पुढं गेलेत.”

४

बाहेर ऊन अजून होतं, पण दरीच्या तळाशी सावली भरू लागली होती. रखवालदारानं बोटानं डोकी मोजली, जाळीचं दार ओढलं आणि कुलूप घातलं.

नळावर नवरा हात धूत होता. भिंतीमुळे तिला उभं राहायला त्याची डावी बाजूच उरली होती. बाजू चुकली, हे तिच्या लक्षात आलं, पण पाय इतके दुखत होते की ती तिथंच टेकली आणि स्वतःशीच, ओठातल्या ओठात पुटपुटली, “गुडघ्यांचा जीव गेला बाई.”

“मग बस ना गाडीत,” तो नळ बंद करत म्हणाला. “मी आणतो पाणी.”

तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरून आवाज फिरला असेल, उजव्या कानाला गेला असेल. जाऊ शकतो. रुमालानं हात पुसत तो कर्नलशी बोलायला लागला तेव्हा ती हळूच मागून गेली, आणि त्याच्या डाव्या कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. लहान मुलांची करतात ती तपासणी. कोरड्या कागदापेक्षाही बारीक आवाज होतो.

तो बोलता बोलता वळला, आणि नेमकं तिच्या बोटांकडे पाहिलं. त्याला नुसतं ऐकू आलं नव्हतं, कुठून ऐकू आलं तेही कळलं होतं.

“काय गं, परीक्षा चाललीये माझी?” तो म्हणाला, आणि प्रेमानं तिचा हात हातात घेतला. हात उबदार होता. तिला ओळखीचा होता. अंगठ्यावरचा मोजपट्टीचा जुना व्रणसुद्धा जागेवर होता.

तिनं हात सोडवून घेतला आणि कर्नलला टपरीमागं ओढत नेलं.

“हे ते नाहीत.”

“कोण?”

“हे. तुझे भावोजी. त्यांना डावीकडून ऐकू येतंय.”

“अगं, मग चांगलं झालं की! गुहेतली हवा मानवली असेल.”

“शीर मेलेली आहे रे ती. हवेनं जिवंत होत नसते. मी स्वतः तपासलीये, एकदा नाही, शंभरदा. आणि आत कुणीतरी आहे. मी ऐकलंय.”

“ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “दोन वर्षांनी माणूस हसला. तू त्यात पण खोट काढणार आहेस का?”

त्याच वेळी जाळीच्या दारातून, आतून, लांबून आवाज आला. “पुढं कोण आहे?”

कर्नलचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं ते मिटलं आणि रखवालदाराकडे पाहिलं.

“पाणी बोलतं आत,” रखवालदार म्हणाला. “चार गेले, चार आले. माझ्या हिशेबात बसतंय.”

५

तिनं हट्ट धरला. आपण इतक्या मोठ्यानं बोलू शकतो, हे तिला त्या दिवशीच कळलं. शेवटी रखवालदारानं कुरकुरत कुलूप काढलं. तिला आत जाऊ दिलं नाही. कर्नलच म्हणाला, तू थांब, तुझे गुडघे चालणार नाहीत, मी पाहून येतो. तो तिचा पाठचा भाऊ. लहानपणी अंधारात न्हाणीघरात जाताना तिचं बोट धरून जाणारा. तिनं त्याच्यावर विसंबून दार धरून ठेवलं.

बाकावर बापलेक शेजारी शेजारी बसली होती. तो तिला काहीतरी सांगत होता. धाकटीनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं, थोरला जायच्या आधी ठेवायची तसं.

कर्नल बराच वेळ आत होता. आला तेव्हा तोंडावरचं रक्त उतरलेलं होतं.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “लाव रे बाबा कुलूप.”

“चिरेपलीकडे गेला होतास?”

“गेलो होतो.”

“हाक मारलीस?”

“ताई, कुणी नाही म्हटलं ना!”

तो गाडीकडे भरभर चालायला लागला. त्याच्या पाठीकडे पाहताना तिला दिसलं, त्याच्या अंगात नुसता सदरा होता. थंडीनं तो कुडकुडत होता, आणि दोन्ही हात रिकामे होते.

“जाकीट कुठं तुझं?”

“चिरेत अडकून फाटलं. टाकून दिलं.”

“आणि बॅटरी?”

तो थांबला, पण वळला नाही. “पडली हातातून.”

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली, आणि जन्मात पहिल्यांदा ती दुसऱ्या माणसाच्या हातावर ठेवली. “भावोजी, तुम्ही चालवा. माझ्यानं नाही होणार आता.”

“बघ हं, आता बायको पण मागीन,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मग उशिरा धाकटी हसली.

६

तिला गाडीत कुणी कोंबलं असं नाही म्हणता येणार. जाळीला कुलूप घालून रखवालदार सायकलला किल्ली लावत होता. धाकटीनं कमरेभोवती हात घातला, मायेनं, आजाऱ्याला नेतात तसं नेलं आणि मागच्या सीटवर बसवलं. स्वतः तिच्याशेजारी बसली. गाडी जाळीच्या दाराच्या अगदी खाली उभी होती. सीटवरून दार सरळ दिसत होतं.

“तू ऐकलंस,” ती धाकटीला म्हणाली. “चिरेत. म्हणून माझा हात धरलास.”

धाकटी समोर बघत राहिली.

“ऐकलंस ना?”

“हो.”

“तुझे बाबा आहेत गं ते.”

“बाबा पुढं बसलेत,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, तरी ती बोलत राहिली. “आत जे आहेत ना, ते दादाच्याच मागं बसून राहिले होते, आई. दोन वर्षं. मी ‘बरं’ म्हणायचे, ते पण त्यांना दादाच्या नंतर ऐकायचं असायचं. हे मला हाक मारतात. हे आधी मला हाक मारतात!”

पुढच्या दोघांपैकी कुणीही मान वळवली नाही. समोरच्या छोट्या आरशात गाडी चालवणाऱ्याचे डोळे दिसत होते, आणि ते शांत होते. ऐकत होते, दोन्ही कानांनी.

तेव्हा जाळीच्या आत उजेड दिसला.

पिवळा, जाड झोत, कर्नलच्या बॅटरीचा. आतल्या खांबांवरून सरकत तो येत होता; कुणीतरी धरून चालत होतं, सावकाश, एकेक पाऊल चाचपत. झोत हलला तेव्हा लाल जाकिटाची एक बाही दिसली, आणि ती अंगापेक्षा मोठी होती. कर्नलनं मान खाली घातली.

ती पुढच्या दोन सीटांमधून झेपावली, आणि तिनं दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला.

दरी दणाणून उठली. तो आवाज या कड्यावरून त्या कड्यावर गेला आणि परत आला. जाळीमागचा उजेड थबकला. ऐकू आलं होतं. मग तो गोल फिरला, एकदा, दोनदा. आणि दाराकडे पाठ करून, ज्या बाजूनं आला होता त्याच बाजूला, आत, घाईघाईनं चालायला लागला.

ती मागे कोसळली. चालवणाऱ्यानं तिचे हात हळुवार बाजूला केले होते, पोराच्या हातातली वस्तू काढून घ्यावी तसे.

धाकटीनं एका हातानं आईला धरून दुसऱ्या हातानं गाडीचं उघडं दार ओढलं. ते नीट बसलं. मग, घरी कधीच जो मान तिचा नव्हता तो घेऊन, रडत रडत, उघड्या खिडकीतून बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

“दार लावलं!”

“बरं,” कर्नल म्हणाला, खाली पाहत.

“बरं,” पुढून तो म्हणाला.

मग सगळे थांबले. इंजिन सुरू होतं, पण गाडी निघेना. आता तिच्या बरंची वाट होती. तिनं ओठ घट्ट मिटले, दातांखाली धरले. एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

जाळीमागून, खूप आतून, कुठून हाक आली ते न कळलेल्या, पण हाक ओळखलेल्या माणसाचा निर्धास्त आवाज आला.

“बरं.”

आणि गाडी निघाली.